मीठ बरोबर आहे ना?

मिरजेत त्या काळात लग्नाच्या पंगतीला ताटात काय वाढलंय हे कुणी फारसं पाहत नसे. उकडलेला दुधी, पातळ डाळ, बिनमिठाचा भात. खाणारे मात्र जिलबी आणि तांबडा रस्सा खाल्ल्याच्या थाटात बोटं चाटत. ही सगळी किमया टाळूपट्टीची. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ अशी ही पट्टी टाळूला चिकटवली, की माणूस चावू लागताच ती आधी टिपून ठेवलेली चव त्याला देत राही. या टिपलेल्या चवीला 'ठसा' म्हणत. लोकांचे रक्तदाब उतरले होते, डॉक्टर खूश होते, आणि हाताला चव असलेल्या माणसांना आता कुणी विचारत नव्हतं.

तेजस्विनी खराडेच्या घरात मात्र पट्टी नव्हती, आणि याचा तिला केवढा अभिमान! तिचा नवरा रणधीर याची मूत्रपिंडं दुबळी झाली आणि मीठ बंद झालं, तेव्हा तोच म्हणाला होता, "तेजू, खोटी चव नको आपल्याला. तू करशील ते खाईन." त्यावर तिनं घरातलं सगळं मीठ शेजारणीला देऊन टाकलं. तो अळणी खाणार, तर तीही अळणीच खाणार. जेवायला वाढलं की बाई पहिल्यांदा विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" हा प्रश्न त्या घरातून सहा वर्षांपूर्वीच गेला होता.

बुधवार हा त्यांचा चायनीजचा वार. कॉलेजात असताना स्टेशनजवळच्या गाडीवर उभं राहून दोघं चिली चिकन खायचे. दोन प्लेटा घ्यायचे, आणि रणधीर पहिला तुकडा हमखास तिच्या प्लेटमधला उचलायचा. "तुझ्यातलं जास्त चांगलं लागतं," म्हणायचा. आजारपणानंतर दोघांनी ठरवून त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. गाडीवरची चव घरी आणण्याचा मग तेजस्विनीनं ध्यासच घेतला. सोया सॉस म्हणजे मिठाचं पाणी, अजिनोमोटोचीही तीच गत. म्हणून ती कढईत साखर जाळून काळपट करी आणि ऐन वेळी त्यात व्हिनेगर ओती. रंग यायचा, किंचित कडवट गोडपणा यायचा. चिकनचे तुकडे अंड्याच्या पांढऱ्यात आणि तांदळाच्या पिठात घोळवून, तळण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेलात परतायचे. लसूण भाजून ठेचायचा. मिठाची उणीव मिरी आणि आंबटपणा यांनी भरून काढायची. किती बुधवार वाया गेले असतील, पण हळूहळू चव जवळ येत गेली. रणधीर तिच्या ताटलीतला तुकडा उचलून म्हणायचा, "जमलं की गं!" तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

अशाच एका बुधवारी फोन आला आणि साखर करपली. किती करपली हे तिला तुकडा तोंडात टाकल्यावर कळलं. कडू जहर! तिनं तो तुकडा हातावर काढला आणि ओरडली, "खाऊ नको रे, करपलंय!"

रणधीरचे तीन तुकडे खाऊन झाले होते. "करपलंय? मला तर गाडीवाल्याच्या तोंडात मारेल असं लागतंय," तो म्हणाला आणि चौथा उचलला.

दुखणं वाढलं की चव जाते, असं तेजस्विनीनं कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला न सांगताच ती डॉ. शर्वरी केळुसकरांकडे गेली. शर्वरीबाई वयानं तिच्या मुलीसारख्या, पण रणधीरचं सगळं त्याच बघत.

"डॉक्टर, यांना कडू कळेनासं झालंय. मूत्रपिंडं आणखी बिघडली का?"

शर्वरीबाईंनी चष्मा काढला. "काकू, रिपोर्ट उत्तम आहेत. त्यांच्या टाळूला पट्टी आहे. चार वर्षं झाली. तुम्हाला माहीत असेल, असंच मी धरून चालले होते."

तेजस्विनीनं विचारलं, "ठसा कशाचा आहे?"

"रोजच्या जेवणाचे साधे ठसे आहेत, आणि एक चायनीजचा. ठसा घ्यायला खरा पदार्थ एकदा तरी खावा लागतो, त्याशिवाय पट्टी काय टिपणार? आमच्या देखरेखीखाली त्यांनी एक प्लेट खाल्ली. स्टेशनजवळची कुठली तरी गाडी आहे म्हणे, तिथून स्वतः जाऊन घेऊन आले होते."

"म्हणजे मी करते ते त्यांना जरासुद्धा लागत नाही?"

शर्वरीबाईंनी सोपं करून सांगितलं. "जिभेवर जे पडतं त्याचा निरोप मेंदूकडे जातो. पट्टी त्याच वाटेनं आपला निरोप पाठवते, आणि तो फार मोठा असतो. दारात लग्नाचा बँड वाजत असला तर कडीचा आवाज ऐकू येईल का? तसं आहे हे. आणि वर्षानुवर्षं बँड वाजत राहिला की मेंदू कडीकडे लक्ष द्यायचंच सोडतो. आता पट्टी काढली तरी कडी ऐकायची सवय लवकर परत यायची नाही."

"मग नासलेलं, कडू, खारट..."

"काही कळणार नाही. त्याच काळजीत आम्ही आहोत. एखाद्या घासानं काही होत नाही, पण रोज नकळत मीठ पोटात गेलं तर मूत्रपिंडं टिकणार नाहीत." त्या पुढे झुकल्या. "तुम्ही इतकी वर्षं अळणी खाताय ना? अशा जिभेला कणभर मीठसुद्धा चटकन कळतं. असंच चालू ठेवा, काकू. त्यांच्या ताटातलं आधी तुम्ही चाखा. आता त्यांची जीभ म्हणजे तुम्हीच."

त्या हे कौतुकानं म्हणाल्या. तेजस्विनीला मात्र ती जन्मठेप वाटली. ज्यानं साथ सोडली त्याच्यासाठी तिनं आता जन्मभर अळणी खायचं होतं, तेही एकटीनं.

घरी आल्यावर तिनं सरळच विचारलं, "पट्टी कधी सांगणार होतास?"

रणधीर गडबडला. मग म्हणाला, "अगं, तुझं मन मोडायचं नव्हतं. तू इतक्या मनापासून करायचीस आणि माझ्या घशाखाली उतरायचं नाही. पट्टीमुळं निदान पोटभर खायला लागलो."

"आणि मला का नाही नेलंस? गाडीवर एकटाच गेलास!"

"तुला कशाला पट्टी? तुला काय झालंय?" त्याला खरोखरच कळत नव्हतं. "तू तर कधीही मीठ खाऊ शकत होतीस, तेजू. तुला कुणी अडवलं होतं?"

तिला रडू आलं नाही, नुसता संताप आला. लोक खाल्ल्या मिठाला जागत नाहीत म्हणून माणसाला राग येतो. तिनं तर त्याच्यापायी मीठ खाल्लंच नव्हतं, आणि त्या न खाल्लेल्या मिठाला तो जागला नव्हता. ते सगळे बुधवार, ते "जमलं की गं", सगळं खोटं. ती स्वयंपाक करत होती आणि हा तिच्यासमोर बसून दुसऱ्याच्या हातचं जेवत होता.

पुढच्या बुधवारी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाचा पुडा आणला. चिकन नेहमीसारखंच केलं, साखर नीट जाळली, लसूण भाजला. त्याच्या ताटलीत अळणी वाढलं. आपल्या ताटलीवर स्वयंपाकघरातच सढळ हातानं मीठ भुरभुरलं आणि उरलेला पुडा ओट्यावर तसाच उघडा ठेवला.

पहिला तुकडा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चव इतकी होती की सोसवेना. काय काय सोडलं होतं आपण! दुसऱ्या घासाला जीभ थोडी सरावली, तिसऱ्याला बरं लागू लागलं. चौथ्याला तिनं मुद्दाम त्याच्या ताटलीतला एक तुकडा चाखून पाहिला, आणि तो अळणी होता की त्यात थोडंसं मीठ होतं हे तिला सांगता येईना. घरातली शेवटची शहाणी जीभही आता बिघडत होती.

तिला बोलतं करावं म्हणून रणधीर हसला, आणि जुन्या सवयीनं हात लांब करून त्यानं तिच्या ताटलीतला तुकडा उचलला. तिनं त्याला अडवलं नाही. तो चावत राहिला.

"मीठ बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

हा प्रश्न या घरात परत ऐकून तो क्षणभर चमकला. मग त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय, म्हणजे राग गेला.

"अगदी बरोबर," तो म्हणाला. "तुझ्यातलं जास्त चांगलं लागतं."

दुसऱ्या तुकड्यासाठी त्याचा हात पुन्हा पुढे आला. तेजस्विनीनं ताटली मागे ओढली, पण ओढायला तिला जरा उशीर झाला.