आठच आकडे

“उद्या नरनाळा किल्ला, परवा झेंडूची तोडणी,” गोपालने बोटांवर बेत मोजला. “ठरलं?”

“तोडणी कायले करता?” ओट्यावरून माणिकबाई हळूच म्हणाल्या. “कोनाचा फोन येऊन राह्यला?”

दिवाळीच्या सुटीत अकोल्याहून हिवरखेडला आत्याकडे आलेल्या करिश्माला माणिकआत्याचा हा सूर नवा होता. लक्ष्मीपूजन चार दिवसांवर आलं होतं. मळा झेंडूनं भरून गेला होता आणि अकोट-दर्यापूरचे नेहमीचे हारवाले मात्र गप्प होते. आत्याचा फोन हरवला, त्यात सगळ्यांचे नंबर गेले, तिचा स्वतःचाही बदलला. म्हणून अकोटला कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या कुलदीपदादाने मळ्याची वेबसाइट बनवून हारवाल्यांच्या ग्रुपवर टाकली होती. त्याला आठवडा झाला. फुलं झाडावरच सुकली, तर आत्याची सगळी मेहनत मातीत जाणार होती.

“वेबसाइट दाखव बरं,” करिश्मा म्हणाली.

आत्याच्या मुलानं, गोपालनं, फोन पुढे केला. केशरी पट्टीवर नवा नंबर होता. त्याची धाकटी बहीण वर्षाली तो वाचू लागली आणि मध्येच थांबली.

“आठच आकडे हायेत.”

“तुले मोजता येते का?” गोपाल हसला.

“तूच मोज मंग.”

त्यानं मोजले आणि त्याचं हसू मावळलं. शेवटचे दोन आकडे पट्टीबाहेर जाऊन दिसेनासे झाले होते. करिश्माच्या फोनवर तेच, शेजारच्या काकांच्या फोनवरही तेच.

किल्ल्याचा बेत राहिला. सकाळच्या एसटीनं तिघं अकोटला कुलदीपच्या दुकानात पोचली.

“माह्या कॉम्प्युटरवर तं बराबर दिसते,” कुलदीप म्हणाला. “पाहा, पुरे दहा.”

खरंच दहा होते. करिश्मानं आपला फोन पडद्याशेजारी धरला. “दादा, इथलं अक्षर बारीक आहे. फोनवरचं जाड, पसरट आहे.”

“वर्गणी भरून घेतलेला फॉन्ट हाय तो. कंपनीचा,” कुलदीप ऐटीत म्हणाला.

“तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आमच्या फोनमध्ये कुठून येणार?”

कुलदीपनं वेबसाइट उघडून तपासली. वेबसाइटवर त्यानं फॉन्टचं नुसतं नाव लिहिलं होतं. तो फॉन्ट न मिळाल्यानं प्रत्येक फोन आपलंच जाड अक्षर वापरत होता.

“सोपं हाय,” तो म्हणाला. “माह्या इथली फॉन्टची फाइल काढतो आन् वेबसाइटवर चढवतो.”

“तसं चालतं का पण?” करिश्मानं फॉन्टच्या परवान्याचं पान उघडायला लावलं आणि शांतपणे वाचलं. फाइल स्वतः वेबसाइटवर चढवायला मनाई होती. त्यासाठी वर्गणीच्या खात्यातून कोडची एक ओळ घ्यायची होती.

“एवढं कोन वाचते वो?”

“आपण वाचायचं, दादा. वस्तू दुसऱ्याची आहे, आपण वापरायला घेतलीय.”

कुलदीपनं खात्यातून ती ओळ घेतली आणि वेबसाइटमध्ये बसवली. गोपालनं फोनवर पान पुन्हा उघडलं. अक्षर बारीक झालं, दहाही आकडे पट्टीत आले.

“पट्टी पन लांब करा,” वर्षाली म्हणाली. “नेट हळू असलं तं जाडच अक्षर दिसन ना?”

“हे तं मले सुचलंच नाही,” म्हणत कुलदीपनं पट्टी लांब केली. मग ग्रुपवर माफी मागून वेबसाइटचा पत्ता पुन्हा टाकला आणि तिघांना चहा-टोस्ट दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळची देवपूजा आटोपून माणिकबाई मळ्यात उतरल्या. पहिली टोपली भरत असतानाच फोन वाजला. दर्यापूरचे पुंजाजी हारवाले होते. त्यांच्या मागोमाग अकोटहून दोन फोन आले.

चौथ्यांदा वाजला तेव्हा आत्यानं फोन करिश्माच्या हातात दिला.

“तूच बोल माय. तुमी तिघं नसते तं हे फुलं आता कोनी तोडले असते?”

करिश्मानं फोन कानाला लावला. “नमस्कार, माणिकबाईंच्या मळ्यातून बोलतेय. किती झेंडू हवाय?”