तीन टिंबांची जागा

"हा अहवाल तुम्ही स्वतः पाहिलात?"

त्याने मान वर न करताच विचारलं. माझ्या पेपरची सत्तावीस पानं त्याच्या हातात होती, आणि त्या पानांत माझा जीव.

आमच्या विद्यापीठात कुठलाही पेपर परिषदेकडे पाठवण्याआधी ग्रंथालयाच्या संदर्भ काउंटरवर तपासून घ्यावा लागतो. तिथला माणूस तुम्ही किती छान लिहिलंय हे बघत नाही. तो फक्त तळटिपा बघतो. कुठलं पुस्तक, कितवं पान, अवतरण शब्दाला शब्द जुळतंय का. जुळलं तर शिक्का. विद्यार्थी त्याला 'शिक्केवाला' म्हणायचे, आणि त्याच्यासमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. मी मात्र टेचात गेले होते. लहानपणापासून पहिली येणाऱ्या मुलीचा टेच, दुसरं काय!

"पाहिलाय की," मी म्हणाले.

"सत्तेचाळिसावं पान?"

"हो."

"उजव्या हाताचं की डाव्या?"

"उजव्या... बहुतेक."

आता त्याने वर पाहिलं. मला वाटलं होतं, डोळे रागावलेले असतील. तसे नव्हते. नुसते दमलेले होते, एकच गोष्ट फार वेळा पाहून दमावेत तसे.

"तो अहवाल अडतीस पानांचा आहे," तो म्हणाला.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे रांगेत चार जण उभे होते आणि त्यांतला एक खुसखुसला, हे मला आजही आठवतं.

माझा पेपर होता नदीवरच्या जुन्या नावेच्या वाहतुकीबद्दल. पूल होण्याआधी लोक नावेनं ये-जा करत. साठ वर्षांपूर्वी एक नाव बुडाली, एकवीस माणसं गेली, आणि त्यानंतर पूल बांधला गेला. या अपघाताबद्दल प्रत्येक पुस्तकात एक वाक्य सापडतं : 'नावाडी दारूच्या नशेत होता.' खाली तळटीप – चौकशी अहवाल, पान ४७. मी ती माझ्या मार्गदर्शक बाईंच्या पुस्तकातून उचलली होती. बाईंचं नाव मात्र न देता, जणू अहवाल मीच उघडला होता अशा थाटात.

"चूक तुमच्या एकटीची नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा वर्षांत अकरा जणांनी हेच पान लिहून आणलं."

"मग त्यांना शिक्का...?"

"दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढून परत यायचे. शिक्का मिळायचा." त्याने माझी पानं सारखी केली. "अहवाल बघायला एकही जण आला नाही."

खरं तर मीही वाक्य काढून मोकळी झाले असते. परिषदेला पेपर द्यायला तीनच आठवडे उरले होते. पण त्याच्या त्या शेवटच्या वाक्यात काहीतरी होतं... तक्रार नव्हती, तक्रारीची आशा सुटल्यावर जे उरतं ते होतं.

"मला बघायचाय," मी म्हणाले.

तो क्षणभर हललाच नाही. मग पेनाला टोपण लावलं, खणातून किल्ली काढली आणि माझ्याआधी जिना उतरूही लागला.

तळघरात सरकारी प्रकाशनांची लोखंडी कपाटं होती. त्याला शोधावं लागलं नाही. हात थेट त्या पातळ, करड्या पुठ्ठ्याच्या वहीसारख्या अहवालावर गेला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"तुम्ही दाखवा ना कुठे आहे ते."

"नाही. तुम्ही शोधा."

तासाभराने, एकतिसाव्या पानावर, मला ते सापडलं. 'नावाडी दारूच्या नशेत होता, असे नावेच्या ठेकेदाराचे म्हणणे असून, त्यास पुष्टी देणारा एकही साक्षीदार पुढे आलेला नाही.'

मी ते तीनदा वाचलं. "पण पुस्तकात तर..."

"पुस्तकात स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम आहे," तो मागून म्हणाला. "अवतरणातले शब्द गाळले तर त्या जागी तीन टिंबं द्यायची असतात. तेवढी दिली असती, तर कुणीतरी विचारलं असतं... इथं काय होतं म्हणून."

मग मी रोज जाऊ लागले. पेपर नव्याने लिहायला घेतला. तो मला काही शिकवतोय असं कधी वाटलं नाही. तो फक्त प्रश्न विचारायचा. हे कोण बोलतंय? खरं बोलल्यानं त्याचं काय बिघडणार होतं? हे वाक्य त्याचं, की तुमचं? माझ्या वहीत माझे विचार आणि लोकांची वाक्यं यांची खिचडी झालेली असायची. त्याने एक निळं पेन माझ्यापुढे सरकवलं. "दुसऱ्याचं ते निळ्यानं लिहा. उद्या स्वतःलाच फसवायला नको."

"आणि तुमचं बोलणं कुठल्या रंगात लिहू?"

"माझं लिहायचं नसतं," तो म्हणाला, पण कानाच्या पाळ्या या वेळी त्याच्या तापल्या.

"तुमच्या बोलण्यात फार टिंबं असतात हं."

"सवय आहे... जपून बोलायची."

"बघा, परत!"

तो हसला. हसला की त्याचा डावा गाल आधी हसायचा, उजवा मागून यायचा. मी त्या उजव्या गालाची वाट बघू लागले, आणि मग माझं मलाच कळलं की आता आपलं काही खरं नाही.

नवव्या दिवशी मी अहवालाची पुरवणी वाचत होते. त्यात साक्षीदारांचे जबाब होते. आधी डॉक्टरांचा जबाब : नावाड्याला पाण्यातून काढलं तेव्हा तपासलं, तोंडाला दारूचा वास नव्हता. मग एका वाचलेल्या प्रवाशाचा : नावेत सोळांची जागा असताना ठेकेदाराने चौतीस माणसं बसवली होती. मी आनंदाने ओरडणारच होते. तेवढ्यात खाली नावाड्याचं स्वतःचं पूर्ण नाव दिसलं. ते आडनाव मी नऊ दिवस रोज बघत होते, समोरच्या शर्टावरच्या नावाच्या पट्टीवर.

मी वर पाहिलं. तो खिडकीशी उभा होता, पाठमोरा.

"आजोबा," तो म्हणाला. "वाचले खरे. तेरा माणसं ओढून काठावर आणली. त्यानंतर वल्ह्याला हात लावला नाही."

"मग तुम्ही का नाही लिहिलंत? सहा वर्षं अहवाल हाताशी असताना!"

"नातू म्हणतो, आजोबा निर्दोष होता. कोण मानेल?" त्याने काचेवरची धूळ बोटाने पुसली. "म्हणून वाट बघत होतो. कुणीतरी परकं माणूस येईल, आपणहून अहवाल मागेल..."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून की त्याच्यासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

त्याच्या वडिलांची मुलाखत घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. वडील शिंपी. दारातच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजरेनंच माप घेतलं असावं. अपघात झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.

"शाळेत मास्तर नाव बुडाल्याचा तो धडा मोठ्यानं वाचून घ्यायचे," ते मशीनवरचं कापड सरळ करत म्हणाले. "वाचायची पाळी माझ्यावर आली तर मी वाचायचो. 'नावाडी दारूच्या नशेत होता.' बाबांनी जन्मात दारू शिवली नाही, पण हे मी सांगून काय उपयोग? मी पडलो मुलगा."

मी निळ्या पेनाने लिहीत होते.

निघताना ते म्हणाले, "पोरगा घरी येऊन तुमच्या तळटिपांबद्दलच बोलत असतो. याआधी कुणाची तळटीप या घरात आली नव्हती हो."

जिना उतरताना मी दोन पायऱ्या चुकले.

आता बाई उरल्या. त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे शिफारसपत्र, पुढची जागा, सगळ्यावर पाणी सोडायचं. मी अहवालाची छायाप्रत त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी चष्मा बदलून वाचलं. मग उठून त्यांनी कपाटातून एक जुनी, कडा झिजलेली वही काढली आणि बराच वेळ चाळत राहिल्या.

"सत्तेचाळीस," त्या शेवटी म्हणाल्या. "अहवालाचं पान नाहीच हे. ज्या जुन्या पुस्तकातून मी ते वाक्य उतरवलं, त्या पुस्तकाचं पान. टिपण करताना पुस्तकाचं नाव लिहायचं राहिलं, आणि आकडा अहवालाला चिकटला." त्यांनी वही मिटली. "बत्तीस वर्षं... आणि मला कुणी विचारलं नाही."

"बाई, मी तुमचं नाव न घेता पण लिहू शकते."

"खबरदार!" बाई कडाडल्या. "नाव, वर्ष, पान, सगळं दे. माझ्या चुकीचा तरी संदर्भ बरोबर येऊ दे."

मी धावत ग्रंथालयात गेले. त्याला सांगायचं होतं, सगळं एका दमात. त्याने ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मग माझी फाइल शेजारच्या काउंटरकडे सरकवली.

"तपासणी आता या ताईंकडून करून घ्या."

"का?"

"परिषदेच्या अर्जात एक रकाना असतो. लेखकाचा पेपरमधल्या माणसांशी, त्यांच्या घरच्यांशी काही वैयक्तिक संबंध असल्यास लिहा म्हणून." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "तिथं 'नाही' असं लिहिता आलं पाहिजे तुम्हाला. नाहीतर लोक म्हणतील, नातवानं पोरीला भुलवून लिहून घेतलं. आजोबा पुन्हा बुडतील. म्हणून आपण... यापुढे..."

"टिंबांच्या जागी काय आहे?"

त्याने पुढच्या माणसाची फाइल ओढून घेतली.

मला राग आला, भयंकर राग. वाईट याचं की त्याचं बरोबर होतं.

चार दिवस मी गेले नाही. पेपर पुरा केला. ताईंनी एकेक तळटीप अहवालाशी ताडून पाहिली आणि शिक्का दिला. उरला होता तो एक रकाना. 'नाही' – दोनच अक्षरं. लिहायला पेन टेकवलं, आणि मला माझाच आवाज ऐकू आला : पाहिलाय की. उजव्या... बहुतेक.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्याच्या काउंटरसमोर उभी राहिले. रांगेत कुणी नव्हतं.

"शिक्का ताईंनी दिलाय," मी म्हणाले. "मी दुसऱ्याच कामासाठी आलेय. एक गोष्ट मला तुमच्या वडिलांकडून कळली. पण ते पडलं दुय्यम साधन. मूळ साधनाकडून खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही आता. सवय लावलीत तुम्ही."

आणि मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला.

रकान्यात लिहिलं होतं : 'पेपरमधील नावाड्याच्या नातवावर लेखिकेचे प्रेम आहे. म्हणून प्रत्येक पुराव्याच्या मूळ पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. वाचकांनी लेखिकेवर विश्वास ठेवू नये, स्वतः पाहावे.'

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. पंखा गरगरत होता, आणि कागद उडू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"हे असं पाठवणार?"

"हो."

"पेपर नाकारतील."

"नाकारू देत. दुसरीकडे पाठवीन. पण पान न बघता बघितलं म्हणायचं, हे मी एकदा केलंय. तुमच्याचसमोर. परत नाही."

"लोक हसतील."

"हसता हसता एकतिसावं पान तर उघडतील ना?"

त्याने मग पेनाचं टोपण काढलं आणि अगदी तपासनिसाच्या आवाजात म्हणाला, "माहिती अपुरी आहे."

मी अर्जावर वाकले. "कुठे?"

त्याने 'प्रेम आहे' या शब्दांनंतर काकपदाची ती छोटी खूण केली, राहून गेलेले शब्द घालायची. आणि वर, सुबक अक्षरात लिहिलं : 'व त्याचेही लेखिकेवर.' खाली तारीख घातली. सही केली.

"आता पूर्ण झालं," तो म्हणाला. आधी डावा गाल हसला. उजवा यायच्या आत डोळ्यांतून पाणी आलं. "तू पाठव."

तू म्हणाला तो. पहिल्यांदाच.

परिषदेनं पेपर दोन महिने अडवून ठेवला, तीन परीक्षकांना ती सगळी मूळ पानं तपासायला लावली, आणि छापला. रकान्यासकट. परिषदेचा अंक आला तेव्हा आम्ही तो त्याच्या वडिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि शाळेत वाचत असतील तसं, बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. 'नावाडी दारूच्या नशेत होता' इथपर्यंत आवाज आला आणि सवयीनं तिथेच थांबला.

"पुढे आहे, बाबा," मी म्हणाले. "तिथं स्वल्पविराम आहे."

त्यांनी बोट पुढे सरकवलं आणि उरलेलं वाक्य वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.