तीन हाका

सूर्यकांतला एवढंच हवं होतं, की सोमवारच्या आत शेड जावी.

मयूर विहारमधल्या त्याच्या तळमजल्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक पक्कं झालं होतं. सोमवारी सह्या. अट एकच, मागच्या अंगणातली पत्र्याची शेड आणि जाळीचं कुंपण काढून द्यायचं. म्हणून त्याने नाक्यावरून सतबीर नावाचा ठेकेदार बोलावला. सतबीरने शेडभोवती फेरी मारली, पत्रा ठोकून पाहिला आणि विचारलं, "इसमें कौन रहता था?"

"कोई नहीं. कबाड था."

खोटं, साफ खोटं! त्या शेडमध्ये सूर्यकांतचे वडील राहत होते, अण्णासाहेब. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी, ऑफिसात अस्खलित हिंदी. म्हातारपणी डोकं फिरलं आणि हिंदी सगळी पुसली गेली, उरली ती मराठीच. नातवाच्या बोर्डाच्या परीक्षेत व्यत्यय नको म्हणून त्यांची खाट शेडमध्ये गेली, ती गेलीच. कुठे भटकू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी. गेल्या मे महिन्यात सूर्यकांत आणि त्याची बायको अलकनंदा पानिपतला लग्नाला गेले, आग्रह झाला म्हणून मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी येऊन कडी काढली. डॉक्टरांनी वयाचं कारण लिहिलं, शेजारी म्हणाले, सुटले बिचारे. आणि या दोघांनी माना डोलावल्या! लाज म्हणून काही असते की नाही?

"हमारा एक कायदा है, बाबूजी," सतबीर म्हणाला. "तोड़ने से पहले मालिक तीन आवाज़ देता है. अंदर कुत्ता हो, साँप हो, कोई भी हो... बाहर आ जाए. उसके बिना हम हथौड़ा नहीं उठाते."

सूर्यकांत दारासमोर उभा राहिला. लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहत होती. तापलेल्या पत्र्याच्या वासात अण्णांच्या गुडघ्यांच्या तेलाचा वास मिसळला होता. आत खाट करकरली. खाट तर केव्हाच भंगारात गेली होती.

'अण्णा, बाहेर या,' एवढंच म्हणायचं होतं. पण आले बाहेर तर? घरात आले तर?

"कोई है तो बाहर आ जाओ," तो म्हणाला. तीनदा म्हणाला, आणि मुद्दाम हिंदीत. आतल्याला कळू नये म्हणून.

पत्र्यांचे नट-बोल्ट आतल्या बाजूला होते, म्हणून एक मजूर पाना घेऊन आत शिरला. पाचच मिनिटांत बाहेर आला आणि सतबीरच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"बाबूजी," सतबीरने आवाज खाली आणला, "ये 'सूर्या, दार उघड' का मतलब क्या होता है? अंदर कोई... धीरे-धीरे यही बोल रहा है."

"कुछ नहीं," सूर्यकांत म्हणाला. "तोड़ो."

चारपर्यंत अंगण मोकळं झालं. पत्रे, दार, कडी, सगळं टेम्पोत गेलं. जाताना सतबीर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आवाज़ ठीक से देनी थी, बाबूजी."

अलकनंदा दूध आणायला बाहेर पडली. सूर्यकांत बेडरूमचं दार लोटून आडवा झाला. जरा डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून कडी सरकली. गंजकी, ओळखीची. खोली तापायला लागली. तेलाचा वास आला.

"कोई है तो बाहर आ जाओ..."

अण्णांचा आवाज. जुना, ऑफिसातला, शांत.

त्याने दारावर झेप घेतली. "अण्णा! मी आहे, सूर्या! दार उघडा हो!"

"कोई है तो बाहर आ जाओ..." दुसऱ्यांदा. समोरच्याची भाषाच कळत नसल्यासारखं.

"अण्णा... चुकलो मी... पाया पडतो..."

मग तिसऱ्यांदा.

अलकनंदा आली तेव्हा दार नुसत्या धक्क्याने उघडलं. सूर्यकांत जमिनीवर बसला होता, दोन्ही तळहातांना पोळल्याचे फोड. सोमवारच्या सह्या राहिल्या त्या राहिल्याच. दार सताड उघडं असतं, ती हाका मारून मारून थकते, "अहो, बाहेर या ना..." तो उठत नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहतो. तिच्या बोलण्यातलं एक अक्षरही त्याला कळत नाही.

त्या दाराला बाहेरून कडी कधीच नव्हती. आता मात्र तिथे स्क्रूची चार भोकं आहेत, आणि भोकांच्या कडांना गंज.