पाचवी खुर्ची

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक पडला नाही. पटवून घ्यायचं की सोडून द्यायचं, ते तुम्ही ठरवा.

वार मंगळवार. वेळ दुपारी सव्वाचारची. जागा, एका उपचार केंद्राचं तळघर.

जिन्यावरून पडून ताईच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण दुखणं हटेना. काठीशिवाय चार पावलंही पडत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यातल्या व्यायामाला पाठवलं. छातीएवढ्या कोमट पाण्यात माणूस हलका होतो. जमिनीवर रुसलेले पाय तिथे चालायला लागतात. ताईला आठवड्यातला तो पाऊण तास काय तो सुखाचा.

आता त्या तलावाची रीत नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

पेशंट पाच. नावं कोणी विचारलीच नव्हती. खांदा, मान, गुडघा, टाच, आणि ताई म्हणजे कंबर. व्यायाम संपला की एकेकाने काठावरून पाण्यात उतरणाऱ्या खुर्चीत बसायचं. खुर्चीच्या हातावरचं बटण दाबलं की ती वर जायची आणि काठाला लागली की 'खट्' वाजायचं. तिथून कठडा धरून शेजारच्या खोलीत. खोलीत व्यायामाच्या मॅडम एकेकाला टोपीचा निळा झगा चढवत. तलावावर त्यांचं लक्ष असे ते कानांनी.

पाच वेळा खट् झालं, की तलाव रिकामा.

मग दिवे बंद. आणि पाणी गार होऊ नये म्हणून वरून जाड आच्छादन. भिंतीवरची कळ दाबली की ते आपोआप पसरायचं, दोन्ही बाजूंच्या खाचांत घट्ट बसायचं.

दोन वर्षांत ही मोजणी कधी चुकली नव्हती.

त्या दिवशीही चुकली नाही.

"कंबर शेवटी हं," गुडघेवाले काका वर जाताना म्हणाले. "कंबरेने कधी घाई केलीय?"

"तुम्ही निघा हो, गुडघा," ताई हसून म्हणाली. "खुर्ची परत पाठवा म्हणजे झालं."

खुर्ची रिकामी खाली आली. ताई बसणार...

तोच मागून खांद्यावर हात पडला.

गार. त्या कोमट पाण्यात इतका गार हात...

टाचवाल्या वहिनी असणार, तिला वाटलं. त्यांची नेहमीच घाई. ताईने वळूनही पाहिलं नाही.

"व्हा पुढे, वहिनी. मला तेवढीच पाच मिनिटं जास्त."

गळ्यात तरंगायची, हवा भरलेली नळी घालून ती पाठीवर तरंगत दूरच्या कोपऱ्याकडे गेली. डोळे मिटलेले. कान पाण्याखाली. कंबर अजिबात दुखत नव्हती.

टाचवाल्या वहिनी मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या आधी वर गेल्या होत्या.

खट्.

मॅडम खाली बसून काकांच्या गुडघ्याचा पट्टा बांधत होत्या. मागून कोणीतरी झगा घेऊन टोपी ओढली आणि पुढे गेलं.

"कंबर, आज स्वतःच? शाबास."

मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

ताईच्या मिटल्या डोळ्यांपुढचा उजेड गेला. मग पायांच्या बोटांना काहीतरी घासलं. मग गुडघ्यांना. मग पोटाला...

ती धडपडून उभी राहायला गेली, तर डोकं आच्छादनाला आपटलं. पाणी आणि आच्छादन यांच्यात चार बोटांची जागा. तेवढ्यात नाक वर करून श्वास घ्यायचा.

ती ओरडली. आवाज तिच्याच तोंडावर परत आला.

तिने चाचपडत खुर्ची शोधली. खुर्ची वर होती.

मग तिने श्वास धरून कानोसा घेतला. कोपऱ्यातून काही हालचाल...

काहीच नाही. पाणी अगदी स्तब्ध. तिच्याशिवाय आत कोणीच नव्हतं.

ताई म्हणते, सगळ्यात जास्त मी तेव्हा घाबरले. पाच वेळा खट् झाल्याशिवाय आच्छादन पसरत नाही, आणि मी तर आतच. मग माझ्या खुर्चीतून वर गेलं ते कोण?

हातातल्या अंगठीने ती कठड्याची नळी ठोकत राहिली. टण्. टण्. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही.

वरच्या मजल्यावर मॅडम निघाल्या होत्या. दाराजवळ, पेशंटच्या काठ्या ठेवायच्या जागी, त्यांना एक काठी उरलेली दिसली. ताईची. विसरल्या वाटतं, म्हणून त्यांनी घरी फोन लावला. ताईच्या सुनेने उचलला.

"आई? अहो, त्या केव्हाच आल्या. हे गाडीतून सोडून गेले. अंगावर तो निळा झगा, आणि काय सांगू मॅडम, काठीशिवाय तरातरा चालत आपल्या खोलीत गेल्या. दार लावून पडल्यात. तुमच्या पाण्याची कमाल आहे हं."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काठी कोपऱ्यात ठेवली. पर्स उचलली.

आणि जिन्यातच थांबल्या...

पाण्यात उतरण्याआधी त्यांनी स्वतः ताईचे दोन्ही हात धरून तिला काठीशिवाय चालवून पाहिलं होतं. तिसऱ्या पावलाला ताई मटकन खाली बसली होती.

मॅडम तळघराकडे धावल्या.

ताईला बाहेर काढलं तेव्हा तिची बोटं त्या नळीवरून सोडवावी लागली. घरी सुनेने खोलीचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खिडकीची कडी लावलेली. गादी मात्र पिळून पाणी निघेल इतकी ओली.

आता ताई पाण्यात उतरत नाही. पाय पुन्हा आखडलाय. त्या खोलीतही जात नाही, बाहेरच्या कोचावर झोपते.

मुलाला तिने एकदाच विचारलं.

"वीस मिनिटांचा रस्ता. तू गाडीत बोलत होतास ना रे तिच्याशी?"

"हो."

"आणि ती?"



"तीही बोलत होती. आवाज तुझाच होता, आई."

"काय म्हणाली?"

तो उठून आत गेला. ते त्याने आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

पण त्या दिवसापासून तो 'आई' म्हणण्याआधी क्षणभर थांबतो आणि तिचा चेहरा नीट बघून घेतो.

खरं सांगायचं तर, हल्ली मीही बघतो.