बादलीभर कोरडी वाळू

त्या दिवशी मी इतकी दमले होते, की गाडीतून धूर येतोय हे दिसूनही मला आधी जांभईच आली.

साल चौऱ्याहत्तर, मे महिना. शेजारच्या नवरीला कर्जतला सासरी सोडून मी आणि आबा खालापूरला घरी परतत होतो. गाडी म्हणजे आबांची चंद्री. नेरळच्या एका शेटजींकडे आबांनी पंचवीस वर्षं ड्रायव्हरकी केली, आणि शेट जाताना ही सदतीस सालची विलायती गाडी त्यांना देऊन गेले. आईच्या माघारी आबांचा जीव या गाडीतच होता. माझा खोपोलीच्या दवाखान्यातल्या ड्यूट्यांत अर्धा संपला होता.

पळसदरीच्या पुढे बॉनेटमधून धूर निघाला. आबा बॉनेट उघडायला धावले, मी पाण्याचा तांब्या घेऊन.

"ओ, थांबा! उघडू नका! पानी नको!"

सायकलवरचा एक माणूस ओरडत आला. सायकल तशीच टाकून रस्त्याकडेची माती ओंजळीने फटीतून आत लोटू लागला. धूर पार थांबल्यावरच त्याने बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर काढली.

"वारा लागला का आग भडकते, पेट्रोलवर पानी टाकलं का पसरते," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळूच, "तुमी लय दमलेल्या दिसता..."

"आणि तुम्ही नाही वाटतं?"

"मी साजगावच्या कारखान्यात बॉयलरवर असतो. आमाला सवय हाय."

तो गजा. दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, तो चंद्रीसाठी येऊ लागला. चिरलेली रबरी नळी त्याने बदलली आणि शेडमध्ये वाळूची लाल बादली ठेवली. पावसाळ्यात वाळू दमट झाली, तर बादली सायकलला टांगून घेऊन गेला आणि बॉयलरजवळ वाळवून परत आणली. मी सहज हात घातला... वाळू अजून कोमट होती. दिवसभर इंजेक्शनं देऊन आखडलेली माझी बोटं त्या उबेत सैल झाली.

"आग विझवायची हाय ती," तो हसला.

"विझवेन की. आधी जरा ऊब घेऊ दे."

त्याचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

भाद्रपदात बिनसलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरत होतं. "नवा वायसर येईतो गाडीजवळ उदबत्ती नाय, कापूर नाय. दसऱ्यालाबी लांबूनच ओवाळा," गजा म्हणाला.

"माज्या चंद्रीला लांबून ओवाळू? तू कोन रं सांगनारा?" आबा भडकले. "पुना हितं येऊ नको."

मी मधे पडले नाही. थकलेल्या माणसाला भांडणही जड होतं. रात्री मात्र रडले. गजा नाही, तर माझ्या आठवड्यात ड्यूटीशिवाय काही उरत नव्हतं.

पण गुरुवारी कुंपणाशी कोरड्या वाळूची बादली दिसायची. दमट बादली मी तिथे ठेवायची, तो बदलून न्यायचा.

दसऱ्याला आबांनी बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि तबकात कापूर पेटवला. ओवाळताना तबक कललं. जळती वडी आत पडली आणि भप्पकन जाळ उठला.

शेजारच्या येसूबाई हंडा घेऊन धावल्या. "पाणी नको!" मी ओरडले. आबांना मागे ओढलं आणि बादलीतली वाळू जाळावर फेकली, दोन्ही हातांनी, तळ लागेपर्यंत. आग गुदमरली. चंद्रीचा रंग तेवढा करपला.

आबा पायरीवर बसले. मग रिकामी बादली माझ्या हातात दिली आणि आपट्याची दोन पानं तीत टाकली.

"त्याला सोनं दे, जया. म्हनावं, माजं चुकलं."

बॉयलरला दसऱ्याची सुटी नसते. पाळी सुटली तेव्हा मी कारखान्याच्या फाटकाशी उभी होते. गजाने बादलीचा तळ पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"भाजलं नाय ना कुटं?"

"गाडीचं नाही विचारलंत?"

"गाडीचे पार्ट मिलतात."

माझे डोळे भरून आले. सोनं त्याच्या हातावर ठेवलं. "हे आबांनी दिलंय, त्यांचं चुकलं म्हणालेत. आणि मी सांगायला आले, की... या आता. नुसतं गुरुवारी नाही. रोज या. कायमचं."

त्याने पानं जपून खिशात ठेवली. "येतो," म्हणाला. "पन आदी जरा बसू? लय दमलोय."

"मी पण."

रस्त्याकडेच्या मोरीवर आम्ही बसलो. मधे रिकामी बादली होती. मी ती उचलून पलीकडे ठेवली.