जास्तीचं मिनिट

ज्याला हसायचं त्याने हसावं. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बदनापूरला, आमच्या घरात, २००८ च्या एप्रिलमध्ये. तेही दिवसाउजेडी.

आमचे हे, जगन्नाथ, लग्नाचं शूटिंग करतात. मी विमल, त्यांची दुसरी बायको. पहिली सत्यशीला. ती काविळीने गेली.

आमच्याकडे दुसरी बायको सवतीचा टाक गळ्यात घालते. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर गेलेलीची मूर्त. मीही घालत होते. आतून जळत होते, पण घालत होते.

मी कॉम्प्युटर शिकलेली. दुकानाची वेबसाइट मीच केली. लग्नाच्या फिल्म तिथे चढवल्या की लांबच्या पाहुण्यांना बघता यायच्या. पण नेट इतकं हळू, की एक फिल्म उतरायला अर्धा दिवस जायचा. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. तो फाइलचा सुरुवातीचा तुकडा तेवढा वाचायचा आणि फिल्म किती मिनिटांची आहे ते सांगायचा.

त्या दुपारी तो चालवला. पडद्यावर एकेक लग्न येत गेलं आणि मग...

जगन्नाथ आणि सत्यशीला. बेचाळीस मिनिटं.

आमची एकतीस.

मेली तरी हिचंच लग्न मोठं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तिच्या आईला बघायची होती म्हणून चढवली. मी गळ्यातला टाक उतरवला आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसला.

सासूबाईंनी ते पाहिलं.

"तिची जागा तिला द्यावी लागती, विमल. न्हाई दिली तर मंग ती तिच्या हातानं घेती."

मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम पुन्हा चालवला.

तिची त्रेचाळीस... आमची तीस.

प्रोग्राम चुकला असेल म्हणून बाकीची लग्नं तपासली. सगळी होती तेवढीच. फाइल बदलायची तर पासवर्ड लागतो, आणि तो फक्त मला माहीत होता.

मी तिची फिल्म उतरवायला लावली. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हाच, शेवटचं मिनिट सुरू केलं.

सनई नाही. माणसांचा गलका नाही. नुसतीच शांतता...

जांब समर्थचं देऊळ दिसलं. तिचं लग्न तर भोकरदनला झालं होतं. जांबला झालं ते माझं.

मान खाली घातलेली नवरी, अंगावर माझाच मोतिया शालू. आमचे हे तिला मंगळसूत्र बांधत होते. मग त्या बाईने मान वर केली...

सत्यशीला. ती हसत होती.

मी धावत जाऊन डाळीच्या डब्यात हात घातला. टाक गळ्यात बांधला. त्यानंतर तो कधी उतरवला नाही. तिची फिल्म पुढे वाढली नाही. माझं गेलेलं मिनिट मात्र परत आलं नाही. ह्यांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. ती फिल्मही त्यांनी पुन्हा पाहिलेली नाही.

परवा जेवताना सहज आमच्या लग्नाचा विषय निघाला. हे लाडात येऊन म्हणाले...

"मंगळसूत्र बांधताना तू कशी हसू राह्यल्ती. मी ते मरेपर्यंत न्हाई इसरायचो."

आमच्या लग्नाआधी माझे वडील नुकतेच गेले होते. मंगळसूत्र बांधताना मी ढसाढसा रडत होते.