आठवी पाटी

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एक अरुंद गल्ली आहे. तिथे आठ दुकानं, आणि प्रत्येक दुकानात कागदाची भिरभिरी. वाऱ्याची झुळूक आली की सगळी गल्ली फिरायला लागते. आता समजा, कुणी येऊन म्हणालं, "यापुढे याला भिरभिरं म्हणून विकायचं नाही. हा शब्द आमचा." काय कराल?

अकरा वर्षांच्या बारकीच्या बाबाला त्या सकाळी असंच पत्र आलं होतं.

बाबाने ते वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "एका कंपनीने या शब्दावर हक्क मागितलाय. म्हणे, वीस वर्षं फक्त आम्हीच तो वापरतो."

"मालक कोण?" बाबाने विचारलं.

"नाव नाही. नुसता टपालपेटीचा क्रमांक. आठ दिवसांत हरकत घ्या. पण शब्द सगळ्यांचाच होता, याचा जुना पुरावा हवा. तारखेनिशी."

"आमच्या पाट्या…" बाबा बोलता बोलता थांबला.

गेल्याच महिन्यात गल्लीला नव्या पाट्या मिळाल्या होत्या. फुकट. देणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं. आता जिकडेतिकडे एकच मजकूर: 'रंगीत खेळणी'.

बारकी बाहेर आली आणि पाट्या मोजू लागली. सात नव्या. आठवी काकाच्या, म्हणजे बाबाच्या भावाच्या दुकानावरची, जुनीच. उन्हाने रंग उडालेला, तरी 'भिरभिरं' वाचता येत होतं. कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीचं साल होतं.

"काका, तू नवी पाटी का नाही घेतलीस?"

"माझी धडधाकट आहे की! फुकट मिळतंय म्हणून काय पोत्यानं भरायचं?" काकाने तिची वेणी ओढली. पहिलं भिरभिरं दुमडायला त्यानेच शिकवलं होतं तिला.

ती गल्लीच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगारीआजोबांकडे गेली.

"पाट्या कुणी करायला सांगितल्या?"

"नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"किती केल्या?"

"सात. आठवीला हात लावू नका, असं बजावलं होतं."

बारकीने बोटांवर पुन्हा आठपर्यंत मोजून बघितलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला.

"जुन्या पाट्या कुठायत?"

"जाळा म्हणाला होता. पण एवढं चांगलं लाकूड कुणी जाळतं का, पोरी? उलटवल्या आणि पाठीवर रंगवल्या."

संध्याकाळी बारकीने सगळ्यांना दुकानासमोर बोलावलं. वकीलबाईही आल्या.

"आपल्याला पाट्या देणारा आणि पत्र पाठवणारा एकच आहे," ती म्हणाली. "त्याला सात पाट्या नाहीशा करायच्या होत्या आणि एक टिकवायची होती. सात गेल्या, की शब्द सगळ्यांचा होता हे कुणालाच दाखवता येणार नाही. आठवी राहिली, की तो एकट्याचा ठरेल. म्हणून आठवी कुणाची, एवढंच बघायचं."

सगळे काकाकडे वळले. काका आधी हसला, मग त्याने मान खाली घातली.

"उद्या कुणी बाहेरच्यानेही हेच केलं असतं," तो म्हणाला. "मी निदान घरातला."

"सकाळी मी पत्र वाचलं तेव्हा तू शेजारीच होतास," बाबा हळूच म्हणाला. "तूच पाणी आणून दिलंस."



"पण पाट्या गेलेल्या नाहीत," बारकी म्हणाली. "भिंतीकडच्या बाजूला जुनी अक्षरं आहेत. सालासकट."

तिने रंगारीआजोबांची शिडी ओढत आणली, बाबाच्या पाटीखाली लावली आणि पेचकस घेऊन चढू लागली. शिडी जराशी हलली. सवयीनेच काका पुढे झाला आणि त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

बारकी तिसऱ्या पायरीवर थांबली. खाली बघितलं. मग एकेक पायरी उतरून जमिनीवर आली.

"बाबा," ती म्हणाली, "शिडी तू धर."

काकाने हात सोडले. बाबाने शिडी धरल्यावर ती पुन्हा वर चढली आणि पहिला स्क्रू फिरवू लागली.